नासासंधानोत्तर पुनःशस्त्रकर्म : वैद्यांचे कर्तव्य

नासासंधान एकाच शस्त्रकर्मात पूर्ण होतेच, असे सुश्रुताचार्य मानीत नाहीत. सूत्रस्थानाच्या १६ व्या अध्यायात, नाक हीन राहिल्यास वाढवावे व मांस अतिवृद्ध झाल्यास समान करावे, असे सांगितले आहे. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने वर्णिलेल्या पुण्याच्या कावसजीच्या नासासंधानातही कपाळावरील त्वचेचा जोड सुमारे २५ दिवसांनी छेदण्याची रीत आढळते.

आज पुनःशस्त्रकर्मापूर्वी सामान्यतः वर्षभर थांबतात. तोवर शोथ ओसरतो व व्रणवस्तू मृदू होते. खचलेल्या नाकाच्या आधारासाठी कानाचे वा बरगडीचे तरुणास्थि वापरतात.

परंतु काही उपद्रवांत विलंब घातक ठरतो. शस्त्रकर्मानंतर थोड्याच दिवसांत नाक बंद होऊन वेदना वाढल्यास, ज्वर वा पूय आढळल्यास पडद्यातील रक्तसंचयाची शंका घ्यावी. त्याने तरुणास्थि नष्ट होऊन नाक बसते. एकोडीसारख्या गावी असा रुग्ण प्रथम वैद्याकडे वा औषधालयात येणे स्वाभाविक आहे. त्यास त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. नस्य देण्यापूर्वी पूर्वशस्त्रकर्माची पृच्छा अवश्य करावी. औषधविक्रेत्यांनीही नाक मोकळे करणारे थेंब वारंवार देऊ नयेत.