स्वरांचे स्मारक

पोलादपूर येथे कवीन्द्र परमानंदांची समाधी आहे. शिवाजीमहाराजांचे चरित्र ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात गुंफणारे हेच ते कवी. येथील मुसळधार पावसाने समाधीचे दगड झिजतील. परंतु परमानंदांचे शब्द झिजले नाहीत. ते पोथीत उतरले होते आणि शतकांनंतर छापूनही निघाले. गवयाचे मात्र तसे नसते. त्याचा कंठ थांबला की सूरही हवेत विरून जातो. मग त्याचे स्मारक उभारावे तरी कशाचे?

या प्रश्नाचे एक उत्तर पुण्यास ऐकावयास मिळते.

धारवाडकडील कुंदगोळचे रामभाऊ कुंदगोळकर हे किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य. रंगभूमीवर ते स्त्रीभूमिका करीत. बालगंधर्वांचे नाव त्या काळी घरोघरी झाले होते. त्याच तोलाने, किंबहुना काकणभर अधिकच, म्हणून रसिकांनी रामभाऊंना कौतुकाने ‘सवाई गंधर्व’ म्हटले. अखेरच्या वर्षांत मात्र पक्षाघाताने या गंधर्वाचे गाणे बंद पडले. १९५२ साली ते निवर्तले.

त्यांच्या शिष्यांत गदगचा एक मुलगा होता. त्याने लहानपणी खाँसाहेबांच्या झिंझोटीतील ठुमरीची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि त्याच्या जिवाला चैन पडेना. असे गाणे आपणास आलेच पाहिजे, या ध्यासाने १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्याने घर सोडले. (घर सोडण्याचे अनुकरण कोणी करू नये!) ग्वाल्हेर, जालंदर अशी वणवण करून झाल्यावर त्याला कळले, की आपण शोधतो ते गुरू आपल्या घरापासून फार दूर नाहीत. कुंदगोळास येऊन त्याने गुरुगृही पाणी भरले आणि विद्या मिळविली. हेच भीमसेन जोशी.

गुरूंच्या निधनानंतर, १९५३ साली, भीमसेनांच्या पुढाकाराने पुण्यात सवाई गंधर्वांची संगीत-पुण्यतिथी सुरू झाली. त्याचाच पुढे मोठा महोत्सव झाला. पूर्वी मैफली रात्रभर चालत. श्रोते सतरंज्या, घोंगड्या घेऊन येत आणि पहाटेच्या थंडीत रागदारी ऐकत. नुसती गर्दी पाहावयास येणारेही असत. त्यात काही बिघडत नाही. गर्दीत बसता बसताच पुष्कळांचे कान तयार होतात.

भीमसेनांनी गुरूंची नक्कल केली नाही. अन्य घराण्यांतील जे भावले ते त्यांनी आपलेसे केले, संतांचे अभंग गायिले. त्यामुळे ज्यांनी ख्यालगायन कधी ऐकले नव्हते, त्या कोकणातल्या घरांतही आकाशवाणीवरून त्यांचा आवाज पोहोचला. २००८ साली त्यांना भारतरत्न जाहीर झाले. २०११ साली ते गेल्यावर महोत्सवाच्या नावात गुरूच्या नावाशेजारी शिष्याचेही नाव आले.

एके वर्षी पोलादपुराहून आंबेनळी घाट चढून, महाबळेश्वरमार्गे मीही त्या महोत्सवास गेलो होतो. अखेरच्या दिवशी शेवटच्या गायकाचे गाणे आटोपले. लोक सतरंज्या गुंडाळू लागले. इतक्यात ध्वनिक्षेपकातून एक जुना, किंचित खरखरता आवाज येऊ लागला. ती सवाई गंधर्वांची भैरवीतील ठुमरी होती. तेथे प्रत्येक वर्षी सांगता तिनेच करतात, हे मला ठाऊक नव्हते. माझ्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी अर्धी गुंडाळलेली सतरंजी तशीच काखेत धरली आणि ते उभ्या उभ्या डोळे मिटून ऐकू लागले. व्यासपीठावर कोणीही नव्हते.