बढतीचा हक्क आणि निवृत्त रेल्वे कर्मचारी

भिलाई येथील पोलाद कारखान्याची वसाहत निरनिराळ्या सेक्टरांत विभागलेली आहे. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाबरोबर करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून भारतीय रेल्वेचे रूळ तयार करणे हे या कारखान्याचे एक प्रमुख कार्य राहिले आहे. हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईकडे जाणारा लोहमार्ग भिलाईवरूनच जातो. जवळच चरोदा येथे रेल्वेचे मोठे मार्शलिंग यार्ड आहे. साहजिकच या परिसरात पोलाद कारखान्यातील आणि रेल्वेतील निवृत्त माणसे शेजारी शेजारी राहताना दिसतात.

विषय समजण्यास सुलभ व्हावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सेक्टर ६ मध्ये मुलाच्या घरी राहणारा एक निवृत्त रेल्वे कर्मचारी आहे. पस्तीस वर्षे त्याने निष्कलंक सेवा केली. परंतु निवृत्तीपूर्वी तीन वर्षे त्याच्या हाताखालच्या, सेवाज्येष्ठतेच्या यादीत त्याच्या खाली असणाऱ्या माणसाला वरची जागा मिळाली आणि तो मात्र होता तेथेच राहिला. कारण विचारले असता त्याला तोंडी उत्तरे मिळाली. आता निवृत्तिवेतनाचा कागद हाती आल्यावर, आपल्यावर झालेला अन्याय मरेपर्यंत दर महिन्याला आपल्याला भोगावा लागणार, हे त्याच्या ध्यानी येते. त्याने काय मागावे, कोणाकडे मागावे आणि त्याला काय मिळू शकेल, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

बढती की बढतीचा विचार?

सर्वप्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. बढती मिळणे हा कोणत्याही सरकारी नोकराचा हक्क नाही; परंतु पात्र असताना बढतीसाठी आपला विचार केला जाणे, आणि तो इतरांच्या बरोबरीने व न्याय्य रीतीने केला जाणे, हा त्याचा मूलभूत हक्क आहे. राज्यघटनेच्या १६ व्या अनुच्छेदात सरकारी नोकरीच्या बाबतीत सर्व नागरिकांना समान संधीची हमी दिलेली आहे. ही हमी केवळ नोकरीत प्रवेश करतानाच लागू होते की प्रवेशानंतरच्या बढतीलाही लागू होते, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो एका रेल्वे प्रकरणातच. दक्षिण रेल्वेचे जनरल मॅनेजर विरुद्ध रंगाचारी या नावाने ते प्रसिद्ध आहे. १९६१ साली न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी बहुमताचा निर्णय देताना, बढती ही नोकरीविषयक बाब असून ती या अनुच्छेदाच्या कक्षेत येते, असे स्पष्ट केले. बढतीतील आरक्षणासंबंधीचा त्या निर्णयाचा भाग पुढे १९९२ मध्ये इंद्रा साहनी प्रकरणात टिकला नाही, आणि त्यानंतर १९९५ च्या सत्त्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने त्यासाठी स्वतंत्र तरतूद करण्यात आली. तथापि बढती हीसुद्धा समान संधीच्या हमीत येते, हे तत्त्व मात्र अबाधित राहिले. १९९९ मध्ये अजितसिंग प्रकरणात विचार होण्याचा हक्क हा मूलभूत हक्क आहे असे न्यायालयाने पुन्हा निःसंदिग्धपणे सांगितले.

यावरून आपल्या उदाहरणातील गृहस्थाने आपली तक्रार कशी मांडावयास हवी, हे कळून येईल. 'मला बढती दिली नाही' एवढेच म्हणणे पुरेसे नाही. 'मी पात्र असताना माझा विचारच झाला नाही', किंवा 'विचार झाला, परंतु नियम मोडून झाला', असे त्याला दाखवावे लागेल. रेल्वेत काही पदे निवडीची तर काही बिगरनिवडीची असतात. बिगरनिवडीच्या पदांवर सेवाज्येष्ठता आणि योग्यता पाहून बढती दिली जाते. निवडीच्या पदांसाठी मात्र उमेदवारांची परीक्षा घेऊन गुणवत्तायादी तयार करण्यात येते. पहिल्या प्रकारात कनिष्ठ माणूस पुढे गेला तर ज्येष्ठाला का वगळले याचे उत्तर प्रशासनाला द्यावे लागते. दुसऱ्या प्रकारात केवळ ज्येष्ठतेच्या आधारे दाद मागता येत नाही. निवडीच्या पद्धतीतच दोष दाखवावा लागतो.

गोपनीय अहवालाचे सामर्थ्य

बढती अडते ती पुष्कळदा गोपनीय अहवालातील एखाद्या शेऱ्यामुळे. या बाबतीत पुरुषोत्तमलाल धिंग्रा यांचा खटला अभ्यासण्यासारखा आहे. १९२४ साली तारयंत्रावर काम करणारा सिग्नलर म्हणून ते रेल्वेत दाखल झाले आणि १९५० पर्यंत चीफ कंट्रोलरच्या पदापर्यंत चढले. १९५१ मध्ये त्यांना द्वितीय वर्गाच्या पदावर स्थानापन्न म्हणून नेमण्यात आले. दोन वर्षांनी त्यांच्या अहवालात प्रतिकूल शेरे आले आणि त्यांना पुन्हा खालच्या पदावर पाठविण्यात आले. १ नोव्हेंबर १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्यांचे अपील फेटाळले. स्थानापन्न माणसाला त्या पदावर हक्क नसतो, म्हणून त्याला मूळ पदावर पाठविणे ही शिक्षा ठरत नाही, असा बहुमताचा विचार होता. परंतु न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी आपले वेगळे मत नोंदविले. सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, आणि त्या काळी दुर्ग जिल्हा, म्हणजे आजची भिलाईही, त्याच न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात होता. आदेशाला काय नाव दिले आहे हे न पाहता त्या आदेशाने माणसाचे प्रत्यक्षात काय नुकसान झाले हे पाहावे, असा त्यांच्या विचाराचा रोख होता.

त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी कायद्याने याच दिशेने मोठे पाऊल टाकले. देवदत्त विरुद्ध भारत सरकार या २००८ च्या प्रकरणातील कर्मचारी हा सीमा रस्ते संघटनेतील अभियंता होता. बढतीसाठी पाच वर्षे 'अतिउत्तम' असा शेरा आवश्यक होता. त्याला एका वर्षी केवळ 'चांगला' असा शेरा मिळाला होता. 'चांगला' हा शेरा प्रतिकूल नाही, म्हणून तो त्याला कळविण्यात आला नव्हता. परंतु त्याच शेऱ्याने त्याची बढती अडवली. ज्या शेऱ्याविरुद्ध माणसाला काही म्हणण्याची संधीच मिळाली नाही, त्या शेऱ्याच्या आधारे त्याला मागे ठेवणे न्याय्य नव्हे, असा निर्णय न्यायालयाने दिला. निर्णय होईतो हा अभियंता निवृत्त झालेला होता. तरीही शेरा त्याला कळवावा, त्याचे निवेदन विचारात घ्यावे, शेरा सुधारला तर पूर्वलक्षी बढतीसाठी त्याचा विचार व्हावा, आणि निवड झाल्यास त्याला वाढीव निवृत्तिवेतन व थकबाकी आठ टक्के व्याजासह द्यावी, असा आदेश झाला. निवृत्तीमुळे दाद मागण्याचा मार्ग आपोआप बंद होत नाही, हे या प्रकरणाने दाखवून दिले. २०१३ मध्ये सुखदेवसिंग प्रकरणात मोठ्या पीठाने हेच तत्त्व कायम केले.

पैशाचा हिशेब

आता समजा, आपल्या उदाहरणातील गृहस्थाची बाजू खरी ठरली. त्याला नेमके काय मिळेल? रेल्वेच्या आस्थापना नियमपुस्तिकेत परिच्छेद २२८ मध्ये अशा चुकांचा विचार केलेला आहे. प्रशासकीय चुकीमुळे ज्याची बढती राहून गेली, त्याला योग्य तारखेपासून ज्येष्ठता द्यावी आणि त्याचे वेतन त्या तारखेपासून बढती मिळाली असे मानून निश्चित करावे. परंतु मधल्या काळाची थकबाकी मात्र देऊ नये, कारण त्या काळात त्याने वरच्या पदाची जबाबदारी प्रत्यक्ष सांभाळलेली नसते, असा या परिच्छेदाचा आशय आहे. रेल्वेत याला 'प्रोफॉर्मा' बढती म्हणतात. १९९० मध्ये उत्तर रेल्वेच्या एका प्रकरणात आणि २००६ मध्ये तरसेमलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'काम नाही तर वेतन नाही' हाच न्याय उचलून धरला.

याला दुसरी बाजूही आहे. १९९१ च्या जानकीरामन प्रकरणात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी असे म्हटले की, कर्मचारी काम करावयास तयार असताना, त्याचा काही दोष नसताना, प्रशासनानेच त्याला कामापासून दूर ठेवले असेल, तर हा नियम सरसकट लावता येणार नाही. त्या प्रकरणात विभागीय चौकशीमुळे बढतीचा निर्णय मोहरबंद पाकिटात ठेवण्याच्या पद्धतीचा प्रश्न होता. आरोपपत्र दिल्याशिवाय असे पाकीट बंद करता येत नाही, असेही त्यात ठरले. म्हणजे थकबाकीचा प्रश्न प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीवर अवलंबून राहतो.

थकबाकी मिळाली नाही तरीही मानीव वेतननिश्चितीचे मोल थोडे नसते. सोयीसाठी असे धरू की, योग्य वेळी बढती मिळाली असती तर निवृत्तीच्या वेळी मूळ वेतन २,४०० रुपयांनी जास्त असते. निवृत्तिवेतन हे वेतनाच्या निम्मे असते. तेव्हा दरमहा १,२०० रुपयांचा आणि त्यावरील महागाई साहाय्याचा फरक पडतो. त्याच्या पश्चात पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन सामान्यतः वेतनाच्या तीस टक्के असते. तेथे फरक ७२० रुपयांचा येतो. उपदान, शिल्लक रजेचे वेतन आणि निवृत्तिवेतनाची अंशराशी यांचा हिशेबही शेवटच्या वेतनावरच बसतो. एका यादीत राहून गेलेले नाव असे दोन जन्मांच्या उत्तरायुष्यावर परिणाम करते.

मात्र एक मर्यादा लक्षात ठेवावयास हवी. पद रिकामे होते, एवढ्यावरून त्या दिवसापासून बढती मागता येत नाही, असे १९८९ च्या वढेरा प्रकरणात ठरले आहे. २०२४ मध्ये पश्चिम बंगालमधील एका वैज्ञानिक अधिकाऱ्याच्या प्रकरणातही असेच झाले. त्याची शिफारस झालेली होती, परंतु अंतिम मंजुरी येण्यापूर्वीच तो निवृत्त झाला. पदभार न घेतलेल्या माणसाला मानीव बढतीचा लाभ देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. कनिष्ठाला प्रत्यक्ष बढती मिळाली आणि ज्येष्ठ वगळला गेला, हे प्रकरण यापेक्षा निराळे होय.

कोणते दार ठोठवावे?

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ३२३-क घालण्यात आला. त्यानुसार १९८५ चा प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचे काम सुरू झाले. रेल्वे ही केंद्र सरकारची सेवा असल्याने रेल्वे कर्मचाऱ्याला प्रथम येथेच जावे लागते. सरकारी मालकीच्या कंपन्यांना मात्र हा अधिनियम आपोआप लागू होत नाही. त्यासाठी वेगळी अधिसूचना लागते. म्हणून सेक्टर ६ मधील शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन निवृत्तांच्या तक्रारी एकसारख्या असल्या तरी त्यांचे मार्ग भिन्न असू शकतात.

छत्तीसगड हे राज्य न्यायाधिकरणाच्या जबलपूर पीठाच्या अधिकारक्षेत्रात येते, आणि या पीठाच्या फिरत्या बैठका बिलासपूर येथे होतात. निवृत्त कर्मचाऱ्यासाठी नियमांत एक मोठी सवलत आहे. तो जेथे सामान्यतः राहतो, तेथील पीठाकडे त्याला अर्ज करता येतो. ज्याची सारी नोकरी नागपूर किंवा खरगपूर येथे झाली, त्यालाही भिलाईस स्थायिक झाल्यावर मुंबई किंवा कोलकाता पीठाकडे जाण्याची सक्ती नाही. अर्जदाराला वकील न देता स्वतःची बाजू स्वतः मांडण्याचीही मुभा आहे. न्यायाधिकरणाचा निर्णय मान्य नसल्यास, १९९७ च्या एल. चंद्रकुमार निर्णयानुसार, उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे जाता येते. छत्तीसगडचे उच्च न्यायालय बिलासपूर येथेच आहे.

काळाचे बंधन

या सर्वांत अत्यंत महत्त्वाची, आणि पुष्कळदा दुर्लक्षिली जाणारी, बाब म्हणजे मुदत. कर्मचाऱ्याने आधी आपल्या वरिष्ठांकडे निवेदन करावयाचे असते. त्यावर अंतिम आदेश झाला तर त्या दिवसापासून एक वर्षाच्या आत न्यायाधिकरणाकडे अर्ज केला पाहिजे. सहा महिने उलटूनही उत्तर आले नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष मिळते. पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो. परंतु त्यावर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही. कनिष्ठाला दिलेल्या बढतीविरुद्ध सहा महिन्यांत, किंवा फार तर एका वर्षात, दाद मागावी असे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच सदाशिवस्वामी प्रकरणात सांगितले आहे. यामागचे कारण उघड आहे. पुढे गेलेल्या माणसाचे आयुष्यही त्या बढतीभोवती उभे राहिलेले असते. अनेक वर्षांनी ती घडी विस्कटणे त्याच्यावर अन्यायाचे ठरते. म्हणूनच ज्यांच्या ज्येष्ठतेला धक्का पोहोचणार असेल, त्यांना अर्जात प्रतिवादी करावे लागते.

निवेदनामागून निवेदन करीत राहिल्याने मुदत वाढत नाही. जुन्या मागणीला उशिरा उत्तर आले म्हणून नवे वादकारण निर्माण होत नाही, असे २००८ मध्ये सी. जेकब प्रकरणात आणि त्यानंतर एम. के. सरकार प्रकरणात ठरले. हे दुसरे प्रकरण १९७६ साली सेवानिवृत्त झालेल्या एका रेल्वे अधिकाऱ्याचे होते आणि त्याने आपली मागणी सुमारे दोन दशकांनंतर मांडली होती.

तेव्हा आपल्या उदाहरणातील गृहस्थाने विलंब न लावता तीन गोष्टी कराव्यात. ज्येष्ठतेची यादी, बढतीचा आदेश आणि आपले गोपनीय अहवाल २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली मागवावेत. आपल्याला केव्हा आणि कोणत्या नियमाविरुद्ध वगळले, हे तारखांसह लिहून एकच मुद्देसूद निवेदन पोचपावती घेऊन सादर करावे. आणि त्या पोचपावतीवरील तारखेपासून मुदत मोजावयास आरंभ करावा. त्याला कदाचित मधल्या वर्षांचे वेतन मिळणार नाही. परंतु नियमाप्रमाणे आपला विचार व्हावयास हवा होता आणि तो झाला नाही, एवढे लेखी मान्य करून घेण्याचा मार्ग निवृत्तीनंतरही, मुदतीच्या आत, त्याच्यासाठी खुला असतो.