कडबाकुट्टीचा आवाज कमी करू या

तायांनो, इंजिनावरची कडबाकुट्टी सुरू झाली की शेजारी कुरकुरतात. पण खरं नुकसान आपल्या कानांचं होतं. रोज आठ तास 85 डेसिबलच्या वर आवाज कानावर पडत राहिला, तर हळूहळू बहिरेपण येतं. ते भरून येत नाही. म्हणून इंजिन बंद, थंड असताना एवढं करा:

1. सायलेन्सर पाहा. गंजून भोक पडलं असेल तर बदला.
2. पायाचे नटबोल्ट आवळा, खाली जाड रबर घाला. मग पट्टा सरळ आहे ना, तपासा.
3. पात्यांना धार लावून घ्या. बोथट पात्यांनी इंजिनावर ताण येतो.
4. मशीन घरांपासून लांब हलवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो.

आवाज कोंडायला इंजिन बंद खोलीत मात्र कधीच ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळायच्या आत जीव जातो. सायलेन्सरला गोणपाटही गुंडाळू नका, पेट घेईल.

चालवणारीच्या कानात इअरप्लग हवेत. नुसत्या कापसाने भागत नाही. पुढच्या बैठकीत हा खर्च मांडा आणि दर महिन्याला मशीन कोण तपासणार, तेही ठरवा.