सुईची उत्तर आणि ताऱ्याची उत्तर

गेल्या वर्षीं इयत्ता आठवीच्या वर्गांत आम्ही होकायंत्र दाखवीत असतां एका विद्यार्थ्यानें प्रश्न केला, "सर, ही सुई नेहमीं उत्तरेकडे तोंड करून राहते, मग हें यंत्र घेऊन कोणी थेट उत्तर ध्रुवावर जाऊन उभा राहिला, तर तेथें सुई कोणीकडे तोंड करील?" घंटा होण्यास दोन मिनिटें उरलीं होतीं. "ती गरगर फिरत राहील," असें सांगून आम्हीं पुस्तक मिटलें. तें उत्तर चूक होतें. वर्गांत दिलेलें चुकीचें उत्तर वर्गांतच राहत नाहीं, मुलें तें घरीं घेऊन जातात. म्हणून या लेखाच्या रूपानें तें परत घेण्याची अनुज्ञा आम्ही विद्यार्थ्यांपाशीं व त्यांच्या पालकांपाशीं मागतों.

या चुकीचें मूळ एका सार्वत्रिक समजुतींत आहे. होकायंत्र ज्याकडे बोट दाखवितें तो उत्तर ध्रुव, आणि पृथ्वीच्या गोलावर सर्व रेखावृत्तें जेथें एकत्र मिळतात तोहि उत्तर ध्रुव; अर्थात् दोन्ही एकच, असें आपण गृहीत धरतों. वस्तुतः ते दोन निराळे बिंदु आहेत. पृथ्वी ज्या आंसावर फिरते, त्या आंसाचीं दोन टोंकें पृष्ठभागावर जेथें निघतात ते भौगोलिक ध्रुव. उत्तरेकडील टोंकाची रेषा आकाशांत वाढवीत नेली, तर ती ध्रुवताऱ्याच्या अगदीं जवळून जाते. म्हणून इतर तारे रात्रभर फिरतांना दिसतात आणि तो एक जागचा हललेला दिसत नाहीं. चुंबकीय ध्रुव आंसावरून ठरत नाहीं. पृथ्वी हा एक मोठा लोहचुंबक आहे, आणि त्याच्या ओढीची दिशा ज्या स्थळीं ओळंब्याच्या दोरीप्रमाणें सरळ खालीं जाते, तें स्थळ म्हणजे चुंबकीय उत्तर ध्रुव. सुई याच्या ओढीस वश आहे. ध्रुवताऱ्याशीं तिचें कांहींच नातें नाहीं.

'प्रेषितांचीं कृत्यें' या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायांत पौलाच्या जलप्रवासाचें वर्णन आपण वाचलें आहे. पुष्कळ दिवस सूर्य दिसला नाहीं, तारे दिसले नाहींत, आणि तारवांतील लोकांनीं वांचण्याची आशा सोडली. त्या काळीं खलाशांस आकाशाखेरीज दुसरा वाटाड्या नव्हता. ढग आले कीं दिशा गेली. पुढें कित्येक शतकांनीं होकायंत्र हातीं आल्यावर ढगांचें भय कमी झालें, परंतु हा नवा वाटाड्या थोडा तिरपा चालतो, हेंहि हळूहळू लक्षांत येऊं लागलें. चीनमधील शेन कुओ यानें सन १०८८ च्या सुमारास लिहून ठेविलें आहे कीं, सुई अगदीं नेमकी दक्षिणोत्तर राहत नाहीं. खरी उत्तर व सुईची उत्तर यांमधील या कोनास दिक्पात म्हणतात.

दुसरें वैगुण्य लंडनमधील रॉबर्ट नॉर्मन या होकायंत्रें घडविणाऱ्या कारागिराच्या ध्यानांत आलें. नीट तोलून बसविलेली सुई चुंबकावर घासतांच तिचें उत्तरेकडील टोंक जड झाल्याप्रमाणें खालीं झुके. तें सारखें करण्यासाठीं तो टोंक थोडें कापी. एकदां एक चांगली सुई या कापाकापींत फुकट गेली, तेव्हां त्रासून त्यानें या झुकण्याचाच शोध घेण्याचें ठरविलें व सन १५८१ मध्यें तो प्रसिद्ध केला. या झुकण्यास नति म्हणतात. मुंबईंत ती सुमारें २६ अंश भरते. भारताच्या दक्षिण टोंकाजवळ ती जवळ जवळ शून्य होते, आणि चुंबकीय ध्रुवावर पुरी ९० अंश असते. सन १६०० मध्यें विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्यानें नैसर्गिक चुंबकाचा एक गोळा घडवून त्यावर बारीक सुया फिरविल्या. त्या नॉर्मनच्या सुईप्रमाणेंच झुकल्या. तोंपर्यंत कोणी म्हणत सुईस ध्रुवतारा ओढतो, कोणी म्हणत दूर उत्तरेस चुंबकाचा डोंगर आहे. ओढणारी शक्ति पृथ्वीच्या पोटांत आहे, असा गिल्बर्टनें निर्णय दिला.

मग तें स्थळ कोठें? सन १८२९ मध्यें जॉन रॉस यांचें 'व्हिक्टरी' जहाज कॅनडाच्या उत्तरेकडील समुद्रांत गेलें व बर्फांत अडकून पडलें. त्यावरील लोकांची सुटका होण्यास सन १८३३ उजाडलें. या सक्तीच्या मुक्कामांत त्यांचा पुतण्या जेम्स क्लार्क रॉस हा कांहीं सोबत्यांसह बूथिया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर गेला, आणि १ जून १८३१ रोजीं त्याच्या उभ्या सुईनें ८९ अंश ५९ कला इतकी नति दाखविली. एका कलेचाच फरक! आडव्या सुया त्यानें अनेक परींनीं टांगून पाहिल्या. त्यांपैकीं एकीनेंहि कोणतीच दिशा धरली नाहीं. ज्या यंत्राच्या आधारें मनुष्य तेथवर पोहोंचला, तें त्या जागीं निरुपयोगी झालें. भोंवतीं सखल किनारा होता. निसर्गानें तेथें कसलीच खूण ठेविली नव्हती. रॉसनें धोंड्यांची रास रचून निशाण लाविलें. तें ठिकाण ७० अंश ५ कला उत्तर अक्षांशावर, म्हणजे भौगोलिक ध्रुवापासून सुमारें २,२०० किलोमीटर दूर होतें.

ती धोंड्यांची रास जागच्या जागीं राहिली. ध्रुव मात्र चालूं लागला. चालूं लागला म्हणण्यापेक्षां चालतच होता. त्याचा सुगावा लंडनमध्यें आधींच लागला होता. तेथील दिक्पात सन १५८० मध्यें सुमारें ११ अंश पूर्वेकडे होता. सन १६३४ मध्यें हेन्री गेलिब्रँड यांनीं मोजला, तो सुमारें ४ अंशच भरला. पुढें सुई खऱ्या उत्तरेवरून सरकत सन १८२० च्या सुमारास २४ अंश पश्चिमेस गेली, मग परतली, आणि सन २०१९ मध्यें ग्रिनिच येथें पुन्हां बरोबर उत्तरेस आली. रोआल्ड आमुंडसेन यांस सन १९०४ मध्यें चुंबकीय ध्रुव रॉसच्या जागेवर आढळला नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा वेग वर्षाला ५० किलोमीटरांच्या घरांत गेला. कॅनडा सोडून तो सैबेरियाच्या रोखानें निघाला. नाविकांसाठीं दर पांच वर्षांनीं तयार होणारें जागतिक चुंबकीय कोष्टक सन २०१९ मध्यें मुदतीपूर्वींच दुरुस्त करावें लागलें. सन २०२५ च्या कोष्टकाप्रमाणें हा ध्रुव सुमारें ८५.८ अंश उत्तर अक्षांश व १३९ अंश पूर्व रेखांश येथें, भौगोलिक ध्रुवापासून सुमारें ४७० किलोमीटरांवर आहे. आपल्या भाषेंत ध्रुव म्हणजे अढळ. या भटक्यास तें नांव कसें शोभावें?

पृष्ठभागाखालीं सुमारें २,९०० किलोमीटरांवर वितळलेल्या लोखंडाचा थर आहे. तो उष्णतेनें ढवळत असतो, आणि त्या हालचालींत विजेचे प्रवाह उत्पन्न होऊन त्यांपासून पृथ्वीचें चुंबकत्व जन्मास येतें. ढवळणें बदललें कीं ध्रुव सरकतो. कढत्या दुधावरील साय एका जागीं राहत नाहीं, तशांतलाच हा प्रकार आहे.

आतां आमची समजूत इतकीं वर्षें टिकली कशी? तर महाराष्ट्रांत ती उघडी पडत नाहीं! मुंबईंत दिक्पात एका अंशाहूनहि कमी आहे. आपल्या अंगणांत सुई आणि ध्रुवतारा जवळ जवळ एकाच बाजूस असतात, म्हणून दोन ध्रुव आपणांस एक वाटतात. तथापि एवढासा फरकहि जपून मोजणारें एक स्थान आपल्या शेजारीं आहे. कुलाब्याच्या वेधशाळेंत सन १८४१ पासून चुंबकत्वाचीं निरीक्षणें होत असत. मुंबईंत घोड्यांच्या ट्रामच्या जागीं विजेच्या ट्राम येणार असें ठरलें, तेव्हां त्या प्रवाहांनीं नाजूक सुया विचलित होतील म्हणून सन १९०४ मध्यें अलिबाग येथें नवी वेधशाळा उभी राहिली. तिच्या बांधकामांत लोखंड वर्ज्य केलें, आणि दगड पोरबंदरचा आणिला. नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्या देखरेखीखालीं सन १९०६ पर्यंत दोन्हीं ठिकाणीं एकाच वेळीं मापें घेतलीं, तीं अशासाठीं कीं जुन्या नोंदींची सांखळी तुटूं नये. आम्हांस त्या शोधांइतकेंच या दोन वर्षांच्या सावधपणाचें कौतुक वाटतें. ती वेधशाळा आजहि चालू असून भारतीय भूचुंबकत्व संस्थानाकडे आहे.

ज्या पालकांचा विमानानें प्रवास होतो, त्यांनीं धांवपट्टीवर रंगविलेले आंकडे पाहावे. मुंबईच्या मोठ्या धांवपट्टीवर ०९ व २७ आहेत. म्हणजे सुईच्या उत्तरेपासून मोजिलेले सुमारें ९० व २७० अंश. अमेरिकेंत टँपा येथें सुई सरकल्यामुळें सन २०११ मध्यें हे आंकडे पुसून नवे घालावे लागले.

आतां मूळ प्रश्नाचें उत्तर. भौगोलिक उत्तर ध्रुवावर सुई गरगर फिरणार नाहीं. तिची आडवी ओढ तेथें क्षीण असते, म्हणून ती सावकाश स्थिर होईल, आणि तिचें उत्तरेकडील टोंक साधारणतः चुंबकीय ध्रुवाच्या बाजूस, म्हणजे सध्यां जपानच्या रोखानें वळेल. तेथून निघणारी प्रत्येक वाट दक्षिणेसच जाते. तेव्हां सुईचें 'उत्तर' टोंक दक्षिण दाखवील. चुंबकीय ध्रुवावर गेलों, तरीहि ती फिरणार नाहीं; रॉसच्या सुयांप्रमाणें जेथें ठेवाल तेथें पडून राहील.

हें उत्तर आम्हीं त्या विद्यार्थ्यास सांगितलें, तेव्हां त्यानें क्षणभर विचार करून म्हटलें, "सर, मग तिचें दुसरें टोंकहि दक्षिणच दाखवील कीं!" तें खरें होतें, आणि आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. "आणि दक्षिण ध्रुवावर?" त्यानें पुढें विचारलें. या वेळीं आम्ही घंटेकडे पाहिलें नाहीं. दक्षिणेकडील चुंबकीय ध्रुव सध्यां भूखंडाबाहेर समुद्रांत, भौगोलिक ध्रुवापासून सुमारें २,९०० किलोमीटर दूर आहे, हें आम्हीं त्यास नकाशावर दाखविलें. पुढचें त्यानेंच सांगितलें: तेथें सुईचीं दोन्ही टोंकें उत्तरेकडेच असतील.