‘काका, जंगलात कोण ऐकतंय?’

पंचनाम्यात आठ वॉकीटॉकी, एक रिपीटर, एक सोलर पॅनल, अँटेना नग दोन आणि एक बॅटरी असं लिहिलंय. बॅटरी माझ्या ट्रॅक्टरची आहे. ती तेवढी सोडा म्हणून तीनदा जाऊन आलो. मुद्देमाल आहे, मिळणार नाही. दर वेळी उत्तर हेच, आणि ते बरोबरच आहे. ठाण्यातल्या लोकांवर माझा राग नाही. उलट तिथल्या हवालदारांनी दोनदा चहा पाजला. राग दुसऱ्यांवर आहे. नारायणगावच्या स्टँडवर उतरलो की कुणीतरी विचारतंच, ‘तात्या, वायरलेसचं काय झालं?’ म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

मी बावीस वर्षं मोटारी रिवाइंड करतो. तार, तांबं, वाइंडिंग मला कुणी शिकवायला नको. तरी फसलो, हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा.

वॉकीटॉकी कशाला, असं शहरातले पाहुणे विचारतात. आमच्याकडं कुणी विचारत नाही. थ्री फेज रात्रीची, ऊस डोक्यावर गेलेला, आणि उसात कोण बसलेलं असतं ते जुन्नर-आंबेगावच्या माणसाला सांगावं लागत नाही. आमची वाडी डोंगराच्या पोटात. मोबाइलला विहिरीपाशी एक कांडी, गोठ्यामागं तीही नाही. दुसरं एक कारण माझ्या मनात होतं, ते मी पोरांना कधी बोललो नाही. ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं तेव्हा दुसऱ्या दिवशी आम्ही भाकरी-पिठलं घेऊन वर गेलो होतो. अख्खं गाव डोंगराखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली, आणि बाहेरच्या जगाला कळलं कसं, तर सकाळची एसटी गेली आणि चालकाला गावच दिसलं नाही. ते मला आजही झोपेत आठवतं. डिंभ्याच्या वर, आहुपे-तळेघरकडं, पावसात लाइट गेली की टॉवरही जातो. म्हणून आपल्या वाडीला स्वतःचं काहीतरी असावं, एवढाच हेतू.

आम्ही अकरा जण. वर्गणी काढली. पुण्यातल्या एका दुकानात गेलो. नाव लिहीत नाही. त्यानं चिनी बनावटीचे पाच वॉटचे सेट काढून टेबलावर मांडले. ‘लायसन?’ असं मीच विचारलं. हे लक्षात ठेवा, मीच विचारलं, दोन साक्षीदार होते. तो हसला, ड्रॉवरमधून एक झेरॉक्स काढली. वर अशोकस्तंभ, खाली सही-शिक्का. ‘सगळं लीगल आहे काका. ही कॉपी खिशात ठेवा, कुणी विचारलं की दाखवा.’ मग म्हणाला, डोंगराळ भाग आहे, नुसते सेट चालणार नाहीत, टेकडीवर रिपीटर लागेल. तोही घेतला. त्याचा माणूस येऊन बसवून गेला. बॅटरी त्यांच्याकडं नव्हती म्हणून माझी.

तीन महिने मस्त चाललं. मोटार चालू केली, वाघ बांधावर दिसला (आम्ही बिबट्याला वाघच म्हणतो), पाहुणे आले, जेवायला या, सगळं त्याच्यावर. पोरांना तर खेळणंच मिळालं.

एका रात्री साडेदहाला सेटवर अनोळखी आवाज आला. शांत, वयस्कर. ‘हे कोणतं स्टेशन आहे? कृपया आपला कॉलसाइन सांगा.’ आमच्यातल्या एकानं उत्तर दिलं, ‘स्टेशन पुणे, गाडी फलाट चारवर.’ सगळे खिदळले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. त्या आवाजानं चिडून काही म्हटलं नाही. पुन्हा विचारलं, मग स्वतःचा कॉलसाइन सांगितला, व्हीयू-टूनं सुरू होणारा, आणि म्हणाला, ‘तुम्ही हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, पट्ट्यात बोलताय. मी रविवारी येतो, भेटू.’

आम्ही पत्ता सांगितला नव्हता, तरी गृहस्थ खरंच आले. आमच्याच गप्पांतून त्यांनी वाडी शोधली होती. पंपाचं नाव, देवळाचं नाव, सरपंचांच्या मेव्हण्याचं लग्न, सगळं आम्हीच तर हवेत सांगत होतो. सत्तरीचे, कुठल्याशा कारखान्याच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातून निवृत्त. ओट्यावर बसले, पाणी प्याले, झेरॉक्स मागितली. चष्मा लावून वाचली, आणि पेन्सिलीनं एका शब्दाखाली रेघ मारली. शब्द होता डीलर.

तो कागद दुकानदाराचा होता. सेट दुकानात ठेवायला आणि परवाना असलेल्याला विकायला त्याला मिळालेली परवानगी. खताच्या दुकानदाराचं लायसन खिशात घालून मी खत विकायला बसावं, तसं. आपल्याकडं १९३३ च्या कायद्यापासून वायरलेसचा सेट नुसता जवळ बाळगायलासुद्धा परवाना लागतो, वापरणं पुढचं. मला वाटत होतं, बाजारात मिळतो म्हणजे चालतो. बाजारात काय मिळत नाही हो?

पण खरी कळ पुढं आली. त्यांनी सेट हातात घेतला, बटण दाबून आकडा बघितला आणि टेकडीकडं बघत विचारलं, ‘इथून खोडद किती?’ पंधरा किलोमीटर, मी म्हटलं. ते काही वेळ बोललेच नाहीत.

रिपीटर म्हणजे काय, तर एका कानानं ऐकायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या आकड्यावर मोठ्यानं बोलायचं. बोलण्याचा आवाज स्वतःच्याच कानात जाऊ नये म्हणून मध्ये गाळणी लागते, तिला डुप्लेक्सर म्हणतात. हॅम लोकांच्या रिपीटरमध्ये दोन आकड्यांत ६०० किलोहर्ट्झचंच अंतर असतं, त्याला कमरेला लागतील अशा धातूच्या नळ्यांची महागडी गाळणी लागते. आमच्या दुकानदारानं दिली होती जेवणाच्या डब्याएवढी. ती स्वस्त गाळणी चालायला दोन आकड्यांत पाचेक मेगाहर्ट्झचं अंतर हवं. आणि भारतात हॅमचा हा पट्टा आहेच मुळी १४४ ते १४६, दोन मेगाहर्ट्झचा. मग त्यानं काय केलं? रिपीटर बोलायला १४५.६ वर ठेवला आणि आमचे आठ सेट बोलायला टाकले १५०.६ वर.

१५०.०५ ते १५३ मेगाहर्ट्झ हा तुकडा भारतात रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखलेल्यांपैकी आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत भारताचं नाव घालून तशी टीप आहे. का आहे, तर खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे म्हणून. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली. ही जागा निवडली तेव्हा आपल्या डोंगरांची आडोशाची भिंत आणि इथली रेडिओ शांतता हीच मोठी कारणं होती. जगातली माणसं ज्या आकड्यावर आकाश ऐकायला आमच्या तालुक्यात येतात, त्या आकड्यावर आम्ही ‘ए बाळ्या, व्हॉल बंद कर’ म्हणून पाच वॉटनं ओरडत होतो.

मला लाज कशाची वाटली सांगू? दर वर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथं सगळ्यांना आत सोडतात. मी पोरीला दोनदा घेऊन गेलोय. मोबाइल बंद करा म्हटल्यावर शेजारच्या माणसाला मीच दटावलं होतं.

त्या गृहस्थांनी, आता आम्ही त्यांना सर म्हणतो, सांगितलं, आज बंद करा आणि स्वतःहून कळवा. बंद केलं. कळवायचं पोरांनी टाळलं, ‘कशाला वेताळ अंगावर घ्यायचा’. आठवड्यानं कुणाच्या तरी तक्रारीवरून बोलावणं आलंच. त्या रात्री आमच्या ग्रुपमधून नऊ जण बाहेर पडले. ‘तात्यांनीच आणलं होतं’ असा जबाब दोघांनी दिला, त्यातला एक फलाट चारवाला. मी दुकानदाराला फोन लावला. त्याचं वाक्य जसंच्या तसं देतो: ‘काका, तुम्ही जंगलात वापरणार म्हणालात ना? जंगलात कोण ऐकतंय?’ पैशांचं विचारलं तर म्हणाला बिलावर ‘खेळणी व सुटे भाग’ लिहिलंय, ते बघा. बघितलं. खरंच तसं लिहिलं होतं. तेव्हा मी वाचलं नव्हतं.

आता जे शिकलो ते.

पहिलं, परवाना एक नसतो. माणसाचा वेगळा, यंत्राची मंजुरी वेगळी, आणि टेकडीवर कायमचं काही उभं करायचं तर त्याची परवानगी आणखी वेगळी. विकणारा यातला एक कागद दाखवून तिन्ही असल्यासारखं बोलतो. कागदावर तुमचं नाव, तुमचा पत्ता आणि मेगाहर्ट्झचा आकडा, हे तीन नसतील तर तो कागद तुमचा नाही. २०२५ पासून ऑनलाइन विकणाऱ्यांनाही सेटचा आकडा आणि परवाना लागतो की नाही ते छापायची सक्ती केंद्रानं केली आहे. छापलं नसेल तर घेऊच नका.

दुसरं, हॅमचा परवाना काढा, पण वाडीच्या राखणीसाठी म्हणून काढू नका. बारा वर्षांपुढच्या कुणालाही परीक्षा देता येते. खालच्या श्रेणीला मोर्स लागत नाही, वरच्या श्रेणीला मिनिटाला आठ शब्दांचं लागतं. पण हॅमवर बोलणाऱ्या दोन्ही टोकांना परवानाधारक हवा आणि धंद्याचं बोलणं चालत नाही. मी परवाना काढला म्हणून माझा गडी त्यावर मोटार बंद झाल्याचं सांगू शकत नाही. आपत्तीत मात्र याच लोकांचा उपयोग होतो. डिसेंबर २००४ ची त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद हॅमच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरलाच होत्या आणि अंदमानचे निरोप त्यांच्या सेटवरून बाहेर गेले. मला हवं होतं ते हे. पण त्याला आधी अभ्यास लागतो, झेरॉक्स नाही.

बिनपरवान्याचे सेट हवेत तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे मंजुरीवाले, कमी ताकदीचे सेट मिळतात. बांधावरून बांधावर ठीक. मध्ये टेकडी आली की गप्प. कुणी दहा किलोमीटर सांगितलं तर त्याला आमच्या वाडीत उभं करा.

मेशचं सध्या पोरांत फार चाललंय. छोटे लोराचे नोड, एकाचा निरोप दुसरा पुढं ढकलतो, टॉवर नको, सिम नको. आवाज जात नाही, फक्त मजकूर. सरांच्या नादानं मी दोन घेतलेत, आणि यावर मी जरा बोलू शकतो. आपल्याकडं ८६५ ते ८६८ हा पट्टा बिनपरवाना आहे, एक वॉटपर्यंत. ४३३ किंवा ९१५ चा बोर्ड स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नका. दुकानदार तोच गळ्यात मारतो, कारण तो खपत नाही. हे नोड चालवणाऱ्या मेशटॅस्टिकच्या ॲपमध्ये देश भारत निवडा. आणि हे कुणी सांगत नाही: मेशटॅस्टिकचं मूळचं ‘लाँग फास्ट’ सेटिंग २५० किलोहर्ट्झ रुंद आहे, आपल्या नियमात मर्यादा २०० ची. १२५ वालं, ‘लाँग मॉडरेट’ किंवा ‘लाँग स्लो’, तेच लावा. निरोप हळू जातो, पण इथं कुणाला घाई आहे? उड्यांचा आकडा मूळचा ३ असतो तो ७ करून ठेवू नका, आणि प्रत्येकानं आपला नोड राउटर करू नये. आमच्याकडं सगळ्यांनाच सरपंच व्हायचं असतं, तसं होतं ते. सगळे बोलतात, निरोप कुणाचाच जात नाही. जुलैत सोलरवर भिस्त ठेवू नका. आमच्या इथं आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही.

खोडदच्या तबकड्यांचे हल्लीचे पट्टे १२० ते २५०, २५० ते ५००, ५५० ते ८५० आणि १,०५० ते १,४५० असे आहेत. ८६५ त्यांच्या मधल्या फटीत येतं. म्हणून मोकाट सुटायचं असं नाही. खराब सप्लाय, एलईडीचा स्वस्त चोक, ठिणग्या मारणारी वीजतार हेसुद्धा तिथं ऐकू जातं. त्यांच्या जवळपास काही उंचावर लावण्याआधी त्यांना विचारा. विचारणाऱ्याला कुणी खात नाही.

मेशचा डबा वर ठेवायला शिवनेरी, भीमाशंकर सुचवणारे महाभाग आहेत. शिवनेरी १९०९ पासून संरक्षित स्मारक आहे, भीमाशंकरचं रान अभयारण्य. तिथं खिळा ठोकायलासुद्धा परवानगी लागते. स्वतःच्या विहिरीवरच्या पाण्याच्या टाकीवर ठेवा.

बाकी नेहमीचं: बिल वाचून घ्या, वर्गणीचा हिशेब ठेवा, आणि अकरा जणांची वस्तू एकाच्या नावावर घेऊ नका. शेवटचं जरा जास्तच मनावर घ्या.

मी परीक्षेचा अर्ज भरलाय. सर दर रविवारी शिकवायला येतात, गाडीभाडंही घेत नाहीत. पोरगीही बसते, तिला बारावं लागलंय, आणि तिचं माझ्यापेक्षा लवकर पाठ होतं. परवा फलाट चारवाल्याचा फोन आला होता, ‘तात्या, तो मेशचा डबा आपल्या टेकडीवर टाकायचा का?’ त्याला म्हटलं, आधी माझ्या बॅटरीचे निम्मे पैसे आण. दुकानदाराचाही मेसेज आला दिवाळीत. पणतीचं चित्र, आणि खाली नव्या सेटचा फोटो: दहा वॉट, पन्नास किलोमीटर, नो लायसन. मी तो सरांना पाठवला. त्यांनी एका शब्दाखाली रेघ मारून परत पाठवलाय.