पहिल्या दहा कोंबड्या : जात कोणती घ्यावी?

लोअर परळमध्ये शिवणकाम, सुतारकाम किंवा किरकोळ व्यापार करणाऱ्या आपल्या अनेक बांधवांचे अंगण मुंबईत नाही, ते कोकणात किंवा घाटावरच्या गावी आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर गावी जाणाऱ्या मनीऑर्डरी आटल्या आणि घरच्या बायकांच्या हाताला जोडधंदा हवा, ही गरज तीव्र झाली. अंगणातील कोंबड्या हा त्यातील कमी भांडवलाचा मार्ग. मात्र येथे पैसे घालणारा एक आणि पक्षी सांभाळणारी दुसरी असते. म्हणून जात निवडताना सांभाळणारीची सोय आधी पाहावी.

गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते. आकडा लहान वाटतो, पण वर्षातील बराच काळ ती खुडूक असते. दहा-बारा अंडी २१ दिवस उबवते आणि पिले स्वतः वाढवते. घार दिसताच पिलांना पंखाखाली घेते. हे काम फुकट होते, ते हिशेबात धरले पाहिजे.

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने अंगणासाठी वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती तयार केल्या. वनराजा अंगाने भारी, अंडी शंभरच्या आसपास. कोंबडे विकायचे असतील तर ती बरी. ग्रामप्रिया दीडशेच्या वर तपकिरी अंडी देते. परंतु या जाती सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांच्या अंड्यांतून पिले काढली तरी पुढच्या पिढीत ते गुण टिकत नाहीत, त्यामुळे पिले पुन्हा विकत घ्यावी लागतात. शिवाय एक दिवसाच्या पिलांना पहिले काही आठवडे बल्बची ऊब लागते. गावी वीज जात असेल तर लसी दिलेली पाच-सहा आठवड्यांची पिलेच घ्यावीत, महाग पडली तरी.

व्हाइट लेगहॉर्नची तीनशे अंडी पिंजऱ्यात आणि विकतच्या खाद्यावर मिळतात. अंगणात तो पांढरा पक्षी घारीला लांबून दिसतो. असील आई म्हणून उत्तम, अंड्यांना कमी. तिचे दोन कोंबडे एका खुराड्यात नांदत नाहीत.

कडकनाथचा मोह सर्वांना होतो. झाबुआचा हा पक्षी अस्सल आहे, त्याच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथे कडकनाथ योजनेत फसवणूक झाल्याच्या तक्रारी शेकडो शेतकऱ्यांनी केल्या. ‘पिले आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच विकत घेऊ’ असे कोणी म्हटले, तर आपल्या गावच्या बाजारात ती अंडी कोण घेणार, हे आधी विचारावे.

आमच्या मते सुरुवातीला चार गावठी तलंगा, पाच ग्रामप्रिया आणि एक गावठी कोंबडा असावा. गावठी पिले काढतील, ग्रामप्रिया बाजारखर्चाची अंडी देतील. रात्रीच्या खुराड्यात दर पक्ष्याला दीड-दोन चौरस फूट जागा हवी. दाराची फट मुंगसाला पुरते, तेव्हा जाळी बारीक लावावी. मानमोडीची लस चुकवू नये. पहिल्या आठवड्यात लासोटा, सहा ते आठ आठवड्यांनी दुसरी. एका मानमोडीत पूर्ण खुराडे रिकामे होते.

परळमध्येच १८८६ पासूनचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील कुक्कुटशास्त्र विभागात शंका विचारता येतात. चाळीच्या गॅलरीत किंवा गच्चीवर कोंबड्या ठेवण्याचा विचार असेल, तर आधी जी-दक्षिण विभाग कार्यालयात चौकशी करावी आणि शेजाऱ्यांनाही विचारावे, कारण कोंबडा पहाटे चार वाजताच आरवतो.