संगणक-साक्षरता : मॅक्रो आणि आपोआप उघडणाऱ्या फाइली

कार्यालयातील दिवसाची सुरुवात बहुधा त्याच त्या फाइली उघडण्याने होते : पत्राचा मसुदा, रोजचे टिपण, थकबाकीची यादी. हे यांत्रिक काम संगणकावर सोपविण्याचे साधन म्हणजे मॅक्रो. एका नावाखाली साठविलेली आज्ञांची मालिका, असे त्याचे स्वरूप असते.

मॅक्रो तयार करण्यासाठी वर्डमधील 'व्ह्यू' टॅबवर 'मॅक्रोज' व नंतर 'रेकॉर्ड मॅक्रो' निवडावे आणि नाव द्यावे. नेहमीप्रमाणे हव्या त्या फाइली उघडून नोंदणी थांबवावी. पुढे त्या नावावर 'रन' म्हणताच सर्व फाइली क्रमाने उघडतात. 'ऑटोएक्झेक' हे नाव दिल्यास वर्ड सुरू होताच मॅक्रो आपोआप चालतो. 'ऑटोओपन' नावाचा मॅक्रो दस्तऐवज उघडताक्षणी चालतो. मात्र फाइलीचे नाव वा फोल्डर बदलल्यास मॅक्रोला ती सापडत नाही.

या सोयीतच धोकाही दडलेला आहे. दस्तऐवज उघडताच आज्ञा चालत असतील, तर त्या लिहिल्या कोणी हे पाहणे अगत्याचे ठरते. १९९५ मधील 'कॉन्सेप्ट' विषाणू 'ऑटोओपन'च्याच आधारे पसरला. मार्च १९९९ मधील 'मेलिसा' तर आउटलुकच्या पत्तायादीतील पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःची प्रत पाठवीत असे. म्हणजेच घातक फाइल ओळखीच्या व्यक्तीच्या नावानेही येऊ शकते.

२००७ च्या ऑफिसपासून मॅक्रो असलेल्या फाइलींना 'डॉक-एम' व 'एक्सएलएस-एम' ही वेगळी विस्तारनामे मिळाली. जुन्या 'डॉक' व 'एक्सएलएस' फाइलींत मात्र मॅक्रो असूनही नावावरून ते कळत नाही. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मूळ मांडणीतच रोखण्यास प्रारंभ केला. तरीही अंतिम निर्णय वापरणाऱ्याच्याच हाती राहतो.

म्हणून 'आपल्या खात्याचे विवरणपत्र पाहण्यासाठी एनेबल कन्टेंट दाबा' अशी सूचना असलेली फाइल आल्यास ते बटण दाबू नये. विवरणपत्र वाचण्यास मॅक्रोची मुळीच गरज नसते. शंका आल्यास त्या ई-मेलमधील क्रमांकावर विसंबू नये, स्वतः शाखेत चौकशी करावी. कर्मचाऱ्यांनीही केवळ स्वतः तयार केलेले किंवा संगणक विभागाने तपासलेलेच मॅक्रो वापरावेत. अनोळखी धनादेशावर आपण सही करीत नाही; अनोळखी मॅक्रोला अनुमती देणे त्याहून वेगळे नाही.